तासाला पंचवीस रुपये

वाचकाचं पत्र:

सिस्टर, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. वय ३४, बारावी आर्ट्स. मिस्टरांचा ट्रक खाणीवर होता. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, हप्ते थकले, ट्रक विकावा लागला. आता ते दुसऱ्याचं पिकअप चालवतात. मी सहा वर्षं घरोघरी पेशंट सांभाळते. सध्या पर्वरीला ८४ वर्षांच्या आजींकडे चोवीस तासांच्या ड्युटीवर आहे. त्यांची उजवी बाजू गेली आहे. घरात आजोबा आहेत. मुलगा लंडनला असतो, चवथीला येतो. पेशंटसाठी बायका पुरवणारा ब्युरो त्यांच्याकडून २४ हजार घेतो, माझ्या हातात १८ पडतात. आजींचं तर सगळं मी करतेच, शुगरचं इंजेक्शनही मीच देते. पण हळूहळू घरभरची लादी, आल्या-गेल्याची भांडी हेही माझ्याच गळ्यात आलं. महिन्याला दोन सुट्ट्या. कंबर धरली आहे. मुलगी नववीत, सासूकडे असते. गावात बायका म्हणतात, लोकांची घाण काढायला जाते. आता म्हापशाचा एक एजंट म्हणतो, कॅनडात याच कामाला पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणतात, महिना दोन लाख सुटतात, सहा लाख भर, तीन महिन्यांत पाठवतो. सोसायटीचं कर्ज मिळेल. भरू का? का हे काम सोडून एखाद्या दुकानात लागू? या कामाला पुढे काही आहे का?

उत्तर:

आधी एजंटाचं मिटवू. त्याला एक रुपया देऊ नका. कर्जाचा फॉर्म आणला असेल तर तो तसाच कोरा राहू दे.

पर्सनल सपोर्ट वर्कर हे खरं काम आहे, त्यात त्याने खोटं सांगितलं नाही. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात तुमच्यासारखं काम करणाऱ्यांना हेच नाव आहे. मात्र तिथे कॉलेजात साधारण दोन सेमिस्टर शिकून त्याचं सर्टिफिकेट घेतात. कॅनडाने घरी राहून सेवा करणाऱ्यांसाठी ३१ मार्च २०२५ ला एक योजना उघडली होती. ती आधीपासून कॅनडात काम करत असलेल्यांसाठी होती आणि तिच्या जागा त्याच दिवशी भरल्या. तिच्या अटी बघा: इंग्रजीची किंवा फ्रेंचची परीक्षा, आपली बारावी तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीची असल्याचा दाखला, सहा महिन्यांचा अनुभव किंवा तेवढंच प्रशिक्षण, आणि तिथल्या मालकाचं पूर्णवेळ नोकरीचं पत्र. एजंटाने यातल्या कशाबद्दल तुम्हाला विचारलं? पत्रात फक्त सहा लाखांचा उल्लेख आहे, यावरूनच काय ते कळतं.

उद्या तो म्हणेल, कॅनडा राहू दे, लंडनला पाठवतो. ब्रिटनने २०२२ च्या फेब्रुवारीत केअर वर्करना व्हिसा द्यायला सुरुवात केली, ११ मार्च २०२४ पासून त्यांना नवरा-मुलं बरोबर न्यायला बंदी केली आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशांतून नवे केअर वर्कर घेणंच थांबवलं. मधल्या काळात लाखो रुपये भरून गेलेल्या कितीतरी जणींना तिथे उतरल्यावर कामच नव्हतं. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्यांची गोष्ट वेगळी. बार्देश-सासष्टी तालुक्यांतल्या कुणाचं बघून आपला हिशेब मांडू नका.

आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी लागते. ती ईमायग्रेटच्या साइटवर बघता येते, मुलीला सांगा, मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देईल. नोंदणी असलेल्या एजंटालाही तुमच्याकडून ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. सहा लाख म्हणजे तुमच्या हातात पडणारा जवळजवळ तेहतीस महिन्यांचा पगार. तीन वर्षं लोकांच्या घरी रात्री जागून मिळवलेले पैसे आहेत ते.

कधीतरी बाहेर जायचंच ठरलं तर जपानची चौकशी करा. भारत आणि जपानमध्ये जानेवारी २०२१ मध्ये करार झाला आहे आणि त्यात म्हाताऱ्या माणसांची सेवा हेही काम आहे. जपानी भाषेची आणि कामाची अशा परीक्षा द्याव्या लागतात, व्हिसा पाच वर्षांपर्यंतचा. मालक वयही बघतात, हे आधीच सांगते. आणि मुलीची दहावी तोंडावर आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, या कामाला पुढे काही आहे का. काम भरपूर आहे, आणि वाढतच जाणार. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं शंभरात साडेआठ होती, गोव्यात अकरावर. राज्यांमध्ये आपल्या पुढे फक्त केरळ. त्यात आपल्याकडे घरटी एक जण गल्फला, तारवावर म्हणजे जहाजावर, नाहीतर लंडनला. मागे राहिलेले आई-बाप कुणाच्या हातात? तुमच्या. तरीही तुमचा पगार वाढत नाही, सुट्टी वाढत नाही, आणि सहा वर्षं काम केलेलीला काल आलेल्या मुलीएवढाच भाव मिळतो. कारण तुम्ही काय करता हे कुठेही लिहिलेलं नाही. ब्युरोच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आणि फोन नंबर असेल. बास.

यावर मला माझ्याच घरातली एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मला फारशी शोभणारी नाही.

माझ्या आईला शेवटची दोन वर्षं सावंतवाडीकडच्या एका बाईने सांभाळलं. मी तोवर बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर, त्यामुळे घरात मी सांगायचं आणि तिने ऐकायचं असा खाक्या. एका संध्याकाळी ती आईची डावी टाच हातात घेऊन बसली होती. मला म्हणाली, सिस्टर, हे लाल आहे. मी म्हटलं, मोजा काढला असेल आत्ता. तिने टाचेवर अंगठा दाबून धरला आणि सोडला. निरोगी कातडी अशा वेळी पांढरी पडते आणि मग परत लाल होते. ही पांढरी पडलीच नाही. बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते, मी शेकडो पोरींना हे शिकवलेलं, आणि त्याच दिवशी सकाळी स्पंज करताना मीच ती टाच पुसून पुढे गेले होते. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवली, चार दिवसांत लाली गेली.

तिच्याकडे वही नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत ती बारीक अक्षरांत लिहायची. 'उ', 'डा', 'पा', म्हणजे उजवी कूस, डावी, पाठ, आणि पुढे वेळ. दर दोन तासांनी. लघवी किती वेळा, पेज किती वाट्या, संडास कधी. डॉक्टर आले की मी माझ्या आठवणीतून सांगायला लागायची आणि ती मागून कॅलेंडर पुढे करायची. डॉक्टर तिच्या कॅलेंडरवरूनच औषध बदलत.

आई गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती बॅग भरून फाटकाशी उभी होती. ब्युरोने फोंड्याला दुसरी ड्युटी दिली होती. त्या दिवसापर्यंतचे पैसे आम्ही मोजून दिले. वर एक पैसा नाही. बाराव्या-तेराव्याला सगळं गाव जेवलं, तिला बोलवायचं कुणाला सुचलं नाही, मला धरून. आणि कॅलेंडरची ती पानं आम्ही नव्या वर्षी रद्दीत घातली. तिच्या दोन वर्षांच्या कामाचा तेवढाच पुरावा होता.

म्हणून सांगते, तुमची वही तुमच्याकडे ठेवा. शंभर पानी, दहा-वीस रुपयांची. रोजचं एक पान. कूस बदलल्याच्या वेळा, खाणं-पाणी, लघवी-संडास, बीपी-शुगरचे आकडे, काय वेगळं दिसलं, डॉक्टर काय म्हणाले. रात्री किती वेळा उठलात तेही. घरच्यांना हवं तर त्यांनी फोटो काढून घ्यावा. आजींच्या खाजगी गोष्टी आहेत, तेव्हा वही तिसऱ्याला दाखवायची नाही, आणि पुढच्या घरी न्यायची तर नावाचं पान काढून. मात्र 'मी पक्षाघाताचा पेशंट तीन वर्षं सांभाळला, एकही जखम होऊ दिली नाही' हे तोंडाने सांगणं वेगळं आणि वही उघडून दाखवणं वेगळं.

आता पैशाचं. १८ हजार भागिले तीस, दिवसाचे ६००. भागिले चोवीस, तासाला २५ रुपये. तुम्ही म्हणाल, मी झोपते पण ना. वहीत रात्रीची उठबस लिहिली की किती झोपता ते दिसेल. ब्युरोचे सहा हजार कशाचे, हेही विचारा. तुम्ही सुट्टीवर गेल्यावर तो बदली बाई देतो का? घरच्यांनी पैसे थकवले तर तुम्हाला वेळेवर देतो का? देत असेल तर त्याचा वाटा रास्त म्हणेन मी, सगळे ब्युरोवाले काही लुटारू नसतात. पहिल्या दिवशी गाठ घालून दिली आणि पुढे फक्त महिन्याची वसुली, असं असेल तर मग बोलायला जागा आहे. ब्युरोत दहा किंवा जास्त माणसं पगारावर असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो. तुमच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे १८ हजारांवर १३५ रुपये, बाकीचा सव्वातीन टक्के मालकाचा. तो म्हणेल, तुम्ही आमच्या नोकर नव्हेच, आम्ही नुसतं काम मिळवून देतो. नेहमीचं उत्तर आहे. तरी विचारा, आणि व्हॉट्सअॅपवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

लादी आणि भांड्यांबद्दल भांडू नका, कागद करा. एका पानावर लिहा: आजींचं स्पंज-अंघोळ, कपडे, डायपर, भरवणं, गोळ्या वेळेवर देणं, कूस बदलणं, डॉक्टरांनी सांगितलेला हातापायांचा व्यायाम, त्यांची खोली, त्यांचे कपडे, हे माझं. आजींबरोबर आजोबांचं जेवण होतंय तर होऊ दे, म्हाताऱ्या माणसाला वेगळं कुठे बसवणार. घरभरची लादी आणि पाहुण्यांची भांडी यांना वेगळी बाई, नाहीतर वेगळे पैसे. आठवड्याला एक सुट्टी. रात्री तीनदापेक्षा जास्त उठावं लागत असेल तर नाईटला दुसरी बाई. पेशंट दगावला किंवा घरच्यांनी अचानक थांबवलं तर पंधरा दिवसांचा पगार. हे शेवटचं मागायला तुमची जीभ रेटणार नाही, आजी समोर असताना कसं बोलायचं म्हणून. मुलाशी बोला, आजींसमोर नको. आणि त्याच पानावर त्याची सही घ्या.

इंजेक्शन मात्र आजपासून बंद. सुई टोचणं, सलाईन लावणं हे नोंदणी असलेल्या नर्सचं काम आहे. इन्सुलिन घरच्या माणसाने शिकून द्यावं, आजोबांचे हात थरथरत नसतील तर त्यांनी. युनिट चुकले आणि आजींची शुगर पहाटे खाली गेली, तर सगळी बोटं तुमच्याकडे वळतील आणि ब्युरोचा फोन लागणार नाही. 'मला त्याची परवानगी नाही' एवढंच म्हणा. हे वाक्य उद्धट नाही, वॉर्डात आम्ही रोज म्हणायचो. तसंच दागिन्यांचं. कपाटाची किल्ली घरच्यांकडे, आजींच्या अंगावर काय आहे ते पहिल्याच पानावर लिहिलेलं. कधीतरी एखादी पाटली सापडेनाशी होते आणि पहिलं नाव बाईचं येतं.

सर्टिफिकेटचं बघू. तुमच्या कामाला सरकारी कौशल्य योजनेत नावं आहेत, जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम आहेत ते. तुम्हाला पहिल्यापासून शिकायची गरज नाही. आधीपासून काम येणाऱ्यांसाठी 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' म्हणून सोय आहे, थोडी उजळणी आणि मग परीक्षा. होंडा नाहीतर डिचोलीच्या आयटीआयमध्ये सुट्टीच्या दिवशी जाऊन विचारा, ते कौशल्य विकास खात्यातच येतात, पुढची बॅच कुठे आहे ते सांगतील. हजार-बाराशे तास वगैरे भरून भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी क्लासवाल्यांच्या दारात आधी जाऊ नका. या कागदाने दुसऱ्या दिवशी पगार दुप्पट होत नाही. पण खाजगी हॉस्पिटलात अटेंडंटची जागा निघाली की अर्ज करता येतो. तिथे हातात कदाचित आताएवढेच पडतील, कदाचित कमीच, पण आठ तासांची शिफ्ट, पीएफ, ईएसआय, आणि शेवटची कदंबा बस पकडून रात्री घरी. मुलगी नववीत असलेल्या आईला याची किंमत मी सांगायला नको.

आणखी एक दार आहे आणि ते बंद होत आलंय. एएनएम, दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स. कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण वयाची मर्यादा ३५. तुम्ही ३४ च्या. दोन वर्षं पगाराशिवाय काढता येतील का, हे तुम्ही आणि मिस्टरांनी रात्री बसून ठरवा. कर्ज काढायचंच असेल तर त्या सहा लाखांपेक्षा मी याच्यासाठी काढलं असतं. जमणार नसेल तर हळहळू नका. तीन-चार वर्षांनी, सर्टिफिकेट आणि वह्या हातात असताना, तुमच्यासारख्या चार-पाच जणी मिळून स्वतःच पेशंट घेऊ शकता, एकमेकींची बदली ड्युटी करत. ब्युरो त्याच सहा हजारांत काय करतो ते तुम्हाला आता ठाऊक आहेच.

दुकान? साड्यांच्या दुकानात दहा तास उभं राहून कंबरेचं काही भलं होणार नाही.

कंबर. आजींना उचलू नका, सरकवा. त्यांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक चादर दुमडून कायमची खाली ठेवा आणि कूस बदलताना ती चादर ओढा, आजींना नव्हे. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, एक पाय पुढे. जुना पलंग बुटका असतो, त्यावर काम करून सगळ्यांच्या कंबरा जातात. हॉस्पिटलसारखी खाट भाड्याने मिळते, मुलाला तेवढं परवडेल. दुखणारी बाई अर्ध्या रात्री पेशंट पाडते, असं त्याला स्पष्ट सांगा, पटकन पटतं. आणि चादरीचं दुसरं टोक आजोबांच्या हातात देऊ नका. ते पडले तर पेशंट दोन आणि बाई एक.

छोटी कामंही या महिन्यात उरका. ई-श्रम कार्ड नसेल तर काढा. बँकेत २० रुपयांत वर्षभराचा दोन लाखांचा अपघात विमा मिळतो आणि ४३६ मध्ये दोन लाखांचा जीवन विमा, दोन्ही घ्या. श्रमयोगी मानधन पेन्शनचं कुणी सांगेल, ते १५ हजारांपर्यंत मिळकत असलेल्यांसाठी आहे, तुम्ही त्यात बसत नाही. अटल पेन्शनमध्ये चाळिशीच्या आत शिरता येतं, ते बघा. आणि पत्रात लिहिलं नाहीत, पण सहा वर्षांत हा अनुभव न आलेली बाई मला भेटलेली नाही: घरातल्या पुरुषाने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, घरात काम करणाऱ्यांनाही. तीन महिन्यांच्या आत. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये असू दे.

गावातल्या बायकांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. सांगूच नका. त्यांच्यातल्या एकीची सासू पडेल तेव्हा रात्री साडेअकराला तुमचाच फोन वाजेल. ऑन्टारियोत तरी काय, तिथेही या कामाला माणसं टिकेनात म्हणून करोनात सरकारने तासाला दोन-तीन डॉलर वाढवून दिले आणि २०२२ मध्ये ते कायम केले. २०२४ च्या डिसेंबरपासून त्यांची नोंदणीही सुरू झाली, ऐच्छिक आहे, पण आहे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करा. तो कायदा येईल तेव्हा येईल.

मुलीचं एवढंच, की तिला नर्सिंगची ओढ असेल तर अकरावीला सायन्स घ्यावं लागेल. बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्राची बारावी लागते, बांबोळीला सरकारी कॉलेज आहे. ओढ नसेल तर आग्रह करू नका.

लंडनच्या मुलाशी फोनवर हे सगळं बोलायला जाऊ नका. फोनवर तो 'हो बाई, बघतो' म्हणेल आणि आजोबांना लावून देईल. चवथीला येतो म्हणालात ना. तोवर वहीची दीड-दोन महिन्यांची पानं भरून ठेवा. गणपती आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाहुण्यांची वर्दळ ओसरली की, दुपारी आजी झोपलेल्या असताना वही त्याच्या पुढ्यात ठेवा. त्याला वाचू दे सावकाश. कामांचा कागद त्यानंतर काढा.